लॅपटॉप असताना टाइपरायटर कशाला?

प्रश्न : माझे सासरे तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत. त्यांचं मराठी गोदरेज मशीन बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. दिवाणखान्यात शोभेला ठेवू म्हणून आम्ही ते दुरुस्त करून आणलं, तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं ते उचलून आपल्या टेबलावर नेलं. आता ती त्यावर गोष्टी लिहिते. लॅपटॉप शेजारीच असतो. मग या खडखडाटात तिला काय सापडतं? आणि यानं लिखाण खरंच सुधारतं, की ही नुसती हौस?
– एक वाचक, वाई

उत्तर : हौस आहेच, आणि असू द्यावी. पण तिला जे सापडलंय त्याची मुळं मशीनच्या रचनेत आहेत, म्हणून आधी झाकण उघडून आत बघू.

कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उसळतो. त्याच्या टोकावरचं उलटं अक्षर शाईच्या रिबिनीवर आदळतं आणि मागच्या कागदावर सुलटं उमटतं. कागद रबरी रोलरला टेकलेला असतो. रोलर ज्या कॅरेजवर बसवलाय, तिला एक स्प्रिंग सतत डावीकडे ओढत असते आणि एक दातेरी चाक तिला अडवून धरतं. प्रत्येक ठोक्याला चाक एक दात सोडतं, कॅरेज एक घर सरकते. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग हातानं दांडी ओढायची आणि नवी ओळ सुरू करायची. बोटाचा जोर कमी पडला तर अक्षर फिकं, जास्त पडला तर गडद. काय केलं आणि त्याचं काय झालं, हे दोन्ही डोळ्यांसमोर घडतं.

हे सुख पहिल्यापासून मात्र नव्हतं. 1874 साली अमेरिकेत रेमिंग्टननं जे यंत्र विकायला काढलं, त्यात अक्षरं रोलरच्या खालच्या अंगाला उमटत, त्यामुळे टाइप करणाऱ्याला आपली चालू ओळ दिसतच नसे. शिवाय सगळी अक्षरं कॅपिटल. लिहिता लिहिता ओळ दिसण्याची सोय रुळायला 1890चं दशक उजाडलं, आणि त्यात अंडरवुडच्या मशीनचा वाटा मोठा होता.

आता लॅपटॉपशी तुलना करू. टाइपरायटरवरही बॅकस्पेस असते, पण ती कॅरेज एक घर मागे नेते, एवढंच. उमटलेलं अक्षर तिथंच राहतं. संगणकावर आपण लिहिणं आणि दुरुस्त करणं ही दोन कामं एकाच वेळी करत असतो. वाक्य पुरतं होण्याआधी त्यातला शब्द बदलतो, मग वाक्य बदलतो, मग परिच्छेद वर नेतो. तासाभरानं एक चकचकीत वाक्य हाती असतं आणि गोष्ट तिथंच असते. टाइपरायटर ही दोन कामं वेगळी करायला लावतो. आज पुढे जायचं, चुकलं तिथं फुली मारायची. उद्या पेन घेऊन त्याच कागदावर खुणा करायच्या. परवा पान पुन्हा टाइप करायचं. या तिसऱ्या दिवशी आळसासारखा संपादक नाही. ज्या वाक्याशिवाय भागतं, ते दुसऱ्यांदा ठोकायचा कंटाळा येतो आणि ते आपोआप गळतं.

मराठी मशीनवर याला आणखी धार येते. मर्यादित कळांमध्ये देवनागरी बसवायची, म्हणून ख, ध, भ, श, ण अशा अक्षरांना पूर्ण अक्षराची कळ दिलेली नाही. आधी अर्धं अक्षर ठोकायचं, मग काना जोडायचा. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी येते. ‘दिवस’ लिहायचा तर पहिल्यांदा वेलांटी, नंतर द. म्हणजे ऱ्हस्व की दीर्घ, याचा निकाल अक्षर कागदावर येण्यापूर्वी लागलेला हवा. चूक झाली तर खाली लाल रेघ येत नाही, कोणी शब्द सुचवत नाही. शुद्धलेखनाचं पुस्तक टेबलावर आपसूक येतं.

तुमच्या सासऱ्यांना मात्र या सगळ्यात गंमत वाटली नसणार. मूळ प्रत आणि तिच्याखाली कार्बन लावलेल्या प्रती असल्या, की एका अक्षराची चूक प्रत्येक कागदावर वेगळी खोडावी लागे. समोर पक्षकार घाईत, आत पुकारा होण्याची वेळ. खोडता न येणं ही त्यांच्यासाठी रोजची डोकेदुखी होती, नातीला तीच गोष्ट हवीशी वाटते. फरक एवढाच, की त्यांच्यावर ती लादलेली होती आणि हिनं ती निवडली आहे. परत फिरायचा रस्ता मुद्दाम बंद करून घेतला की माणूस पुढचं पाऊल विचारानं टाकतो. या मशीनचं सगळं आकर्षण मला तरी यातच दिसतं. जुन्या काळाचा गहिवर त्यात फार थोडा आहे.

लिखाण सुधारतं का? जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याची दृष्टी अधू होत चालली होती. 1882 मध्ये त्यानं डेन्मार्कच्या मालिंग हान्सेन यांचं अर्धगोलाकार टंकनयंत्र मागवलं. लिहिण्याचं साधन आपल्या विचारांतही हात घालतं, अशा अर्थाचं त्यानं त्या दिवसांतल्या एका पत्रात लिहिलं. त्याची तुटक, सूत्रासारखी शैली या यंत्रामुळे आली, असं काहींना वाटतं. पण तशी शैली त्याच्या 1878च्या पुस्तकातही आहे, आणि ते यंत्र त्यानं काही आठवडेच वापरलं. तेव्हा सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकन कादंबरीकार कॉर्मक मॅकार्थी यांचं. त्यांनी अनेक दशकं ऑलिव्हेत्ती लेटेरा 32 या छोट्या मशीनवर लिहिलं. 2009 मध्ये ते मशीन लिलावात 2,54,500 डॉलरला गेलं. मित्रानं त्याच मॉडेलचं दुसरं मशीन 20 डॉलरच्या आत आणून दिलं आणि मॅकार्थी पुन्हा लिहायला बसले. मशीन तेच, किमतीतला फरक लेखकाचा. म्हणून मुलीला सांगा, पहिला खर्डा टाइपरायटरवर आणि छपाईची प्रत संगणकावर, असं करायला हरकत नाही. ज्या लेखनात तारखा आणि आकडे पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, ते थेट लॅपटॉपवरच करावं.

आता मशीनच्या तब्येतीविषयी. 1955 साली गोदरेजनं पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला, आणि 2009 मध्ये कंपनीनं हे उत्पादन थांबवलं. शेवटच्या काळातला कारखाना तुमच्याच सातारा जिल्ह्यात, शिरवळला होता. नवं मशीन आता मिळणार नाही, पण आहे ते सांभाळणं अवघड नाही, कारण ते उघडून दुरुस्त करण्यासाठीच बनवलेलं आहे.

दांडे अडकून राहू लागले तर ते ज्या अर्धवर्तुळाकार खाचांमध्ये बसलेत, तिथं जुनं तेल आणि धूळ घट्ट झालेली असते. स्पिरिट आणि ब्रशनं ती जागा साफ करा. तिथं नवं तेल घालू नका, ते धूळ धरतं आणि तक्रार वाढते. कॅरेज सरकेनाशी झाली तर स्प्रिंगपासून तिच्यापर्यंत जाणारी दोरी किंवा पट्टी तुटली आहे का ते बघा. रिबीन सहसा अर्धा इंच रुंदीची असते. नवी मिळाली की जुन्या रिळांवरच गुंडाळा, नवी रिळं बसतीलच असं नाही.

आणि आवाज. रोलरचं रबर वर्षानुवर्षांनी दगडासारखं कडक होतं, त्यामुळे ठोका मोठ्यानं वाजतो आणि कागदाला भोकं पडतात. टाइप करायच्या कागदामागे एक जादा कोरा कागद लावा, मशीनखाली जाड फेल्टची घडी ठेवा. खडखडाट निम्म्यावर आला नाही, तरी शेजाऱ्यांशी बोलणं चालू राहील इतका नक्की कमी होईल.