गिअरपेटीतले तेल गळते तेव्हा

मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट नावाचे यंत्र असते. त्याच्या पुढे लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या असतात. त्यांवर पोत्यांची थप्पी उचलतात. खेड्यांतली कितीतरी पोरे आज हे यंत्र चालवून पोट भरतात. म्हणून हा धडा. आपण इथे डिझेलवरच्या यंत्राविषयी बोलू; बॅटरीवरच्या यंत्राची रचना निराळी असते.

दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. पुष्कळ फोर्कलिफ्टच्या गिअरपेटीत असेच असते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाचे बळ तेलातून चाकांकडे जाते. तेल कमी झाले, की गिअर टाकूनही यंत्र उशिरा हलते. पेटी तापते. भरल्या मालानिशी चढणीवर ओढ सुटते. त्या वेळी मागे माणूस उभा असला तर? शिवाय जमिनीवर सांडलेल्या तेलावरून हमालाचा पाय घसरतो, तो वेगळाच.

पुष्कळ ठिकाणी रोज सकाळी वरून तेल ओततात आणि काम चालू ठेवतात. याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. फुटक्या घागरीत पाणी भरण्यातला हा प्रकार आहे.

आधी थेंब कुठला ते ओळखा. रात्री यंत्राखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. गिअरपेटीचे तेल बहुधा लाल असते, जुने झाले की तपकिरी दिसते. इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. चाकाजवळ पातळ तेल दिसले तर ते ब्रेकचे असू शकते. मग यंत्र हलवूच नका. पण नुसत्या रंगावर विसंबू नये. कोणत्या पेटीत कोणते तेल घालावे, हे यंत्राच्या पुस्तकात छापलेले असते. ते वाचा.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. तेल वरून ओघळत येते आणि सगळ्यांत खालच्या टोकाला लोंबते. कौलारू घराचे तसेच नाही का? पाणी गळते एका कोपऱ्यात, कौल फुटलेले असते भलतीकडे! म्हणून पेटी पुसून कोरडी करा. यंत्र थोडे चालवा. मग सपाट जागी उभे करा, पट्ट्या जमिनीला टेकवा, हातब्रेक ओढा, इंजिन बंद करून किल्ली काढा, चाकांना ठोकळे लावा. आता बॅटरीच्या उजेडात पाहा. पहिला ओला ठिपका सर्वांत वर कुठे आहे? तेच गळतीचे मूळ. यंत्र उचलावे लागले, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. मजबूत घोडी लावा. तेल कढत असते, हात भाजतो.

पेटीला हवा जाण्यासाठी एक लहान तोटी असते. धुळीने ती बुजली, की तापलेल्या पेटीत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येते. लोक नवे सील आणतात, तेही गळते. म्हणून आधी ही तोटी साफ करा. त्याला पैसाही लागत नाही.

बोल्ट ढिला असेल तर पुस्तकातल्या मापाने आवळा; जोर लावून आवळला तर पत्रा वाकतो, पॅकिंग चेपते. रबरी नळी चिरली असेल तर नवीच घाला. सील बदलताना शाफ्टवर बोट फिरवून पाहा. खाच पडली असेल किंवा बेअरिंग ढिले झाले असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत जाते. इंजिन आणि पेटी यांच्या सांध्यातून तेल येत असेल, तर दोन्ही सुटी करावी लागतात. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

शेवटी तेल भरा. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये असावे. मोजताना इंजिन चालू ठेवावे की बंद, हेही पुस्तकात पाहा. जास्त भरले तर फेस येतो आणि तेल त्या तोटीतूनच बाहेर पडते. काढलेले तेल नाल्यात ओतू नका, डब्यात साठवा. आणि रात्री पुन्हा नवा पुठ्ठा पसरा.