हजेरीपट कसा वाचावा

प्राथमिक शाळेच्या दप्तरात सर्वांत अधिक वेळा उघडले जाणारे पुस्तक म्हणजे हजेरीपट होय. तो रोज भरला जातो, महिनाअखेर त्याची बेरीज होते, सरासरी उपस्थिती काढली जाते आणि ती वरिष्ठांकडे पाठविली जाते. परंतु हजेरीपट भरणे निराळे आणि वाचणे निराळे. सरासरी वर्गाची असते. गैरहजेरी मात्र एकेका मुलाची असते. वर्गाची सरासरी समाधानकारक दिसत असतानाच त्यातील दोन-तीन मुले शाळेपासून हळूहळू दूर जात असतात, आणि बेरजेच्या आकड्यात त्यांचा मागमूसही लागत नाही.

शिक्षणाची सक्ती महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा हा हक्कच मानला. कायदा मुलाचे नाव पटावर आणतो. ते मूल रोज वर्गात आणण्याचे काम मात्र शिक्षकाला करावे लागते, आणि त्याचा आरंभ हजेरीपटाच्या वाचनापासून होतो.

आडवे वाचन

दिवसाची बेरीज पटावर उभी केली जाते; वाचन आडवे करावे. एका मुलाच्या नावापुढे बोट ठेवून ते महिनाभराच्या रकान्यांतून सरकवीत न्यावे. गैरहजेरीच्या खुणा कोठे व कशा पडल्या आहेत हे पाहिले, की कारणाचा माग लागू लागतो. इयत्ता चौथीच्या वर्गाचे एखादे पान नमुन्यादाखल डोळ्यांपुढे आणावे.

एका मुलीच्या नावापुढे दर गुरुवारी गैरहजेरी आहे. गुरुवार हा गावच्या बाजाराचा दिवस. आई भाजीची पाटी घेऊन बाजारात जाते आणि मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळते. सहा दिवसांच्या आठवड्यातील एक दिवस म्हणजे वर्षाच्या शिक्षणाचा सहावा हिस्सा होय. 'मुलीला अभ्यासाची गोडी नाही' असा शेरा मारून हा प्रश्न सुटत नाही. भावाला तीन वर्षे पूर्ण झाली असतील, तर त्याला अंगणवाडीत बसविण्याविषयी सेविकेशी व आईशी बोलावे. तो त्याहून लहान असेल, तर बाजारच्या दिवशी शेजारघरी काही व्यवस्था होते का, हे शाळा व्यवस्थापन समितीतील माता-सदस्यांना विचारावे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, ते याच कामासाठी.

दुसऱ्या मुलाची गैरहजेरी विखुरलेली आहे : कधी दोन दिवस, कधी तीन. विचारले तर 'पोट दुखत होते' एवढेच उत्तर मिळते. चेहरा फिकट, खेळात लवकर दम लागतो, पहिल्या तासालाच डुलकी येते. येथे आळसाचा संशय घेण्यापूर्वी जंत व रक्तक्षय यांचा विचार करावा. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अलबेंडाझोलची गोळी दिली जाते. ती मुलाने नीट चावून खावी. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा असते. ती उपाशीपोटी न देता शालेय भोजनानंतर द्यावी.

तथापि, येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. जे मूल वारंवार गैरहजर असते, ते गोळीच्या दिवशीही गैरहजर असण्याचा संभव अधिक. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, त्या दिवशीही तेच मूल घरी असते. अर्थात ज्याला औषधाची गरज सर्वांत अधिक, तोच औषधापासून वंचित राहतो. आजारामुळे गैरहजेरी आणि गैरहजेरीमुळे आजार असे चक्र सुरू होते. म्हणून तपासणीच्या दिवशी अनुपस्थित मुलांची निराळी यादी करावी, ती आरोग्यसेविकेस द्यावी, आणि प्रत्येक नावापुढे काम झाल्याची खूण पडेपर्यंत ती मिटवून ठेवू नये.

तिसऱ्या मुलाच्या नावापुढे दिवाळीपासून सलग गैरहजेरी आहे. त्याचे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेले आहेत. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील शिक्षकांना हे पान नवे नाही. मूल फडावर गेले, की कोपीजवळ लहानग्यांना राखणे, वाढे गोळा करणे हीच त्याची शाळा होते. ही गैरहजेरी पटावर उमटण्यापूर्वीच थोपवावी लागते. दसऱ्याच्या आधीच कोणती कुटुंबे जाणार याची विचारपूस करावी. आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मूल मागे राहू शकेल का, हे पालकांशी शांतपणे बोलावे. मूल जाणारच असेल, तर त्याच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जेथे ते जाईल तेथील शाळेत बसू शकेल. अशा मुलाला घेताना शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अडवून ठेवणे कायद्यास मान्य नाही.

चौथा मुलगा रोज हजर आहे. त्याच्या ओळीत एकही गैरहजेरी नाही. म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो फळ्यावरचे उतरवून न घेता शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहितो, विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. त्याचे डोळे व कान तपासले पाहिजेत. दृष्टितक्ता सहा मीटरवर टांगून एकेक डोळा झाकून वाचावयास लावणे शिक्षकालाही जमते. तपासणी होईपर्यंत त्याला पुढच्या रांगेत बसवावे. शरीराने हजर आणि शिक्षणाने गैरहजर अशा मुलांची नोंद कोणताही पट करीत नाही. ती शिक्षकाच्या नजरेनेच करावयाची असते.

परतलेले मूल

पुष्कळ दिवसांनी शाळेत आलेल्या मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर ते दुसऱ्या दिवशी येईल की नाही हे बरेचसे ठरते. 'इतके दिवस कोठे होतास?' असे सर्वांदेखत विचारले, की मूल मान खाली घालते. त्याऐवजी 'आलास, बरे झाले' एवढे म्हणून त्याला त्याच दिवशी एखादे काम सोपवावे : परिपाठात वार व तारीख सांगणे, बागेला पाणी घालणे, वाचनालयाची पुस्तके मोजणे. जेथे आपल्यावाचून काही अडते, तेथे मूल आपणहून येते. बुडालेला अभ्यास एकदम लादू नये. एका चांगल्या सहाध्यायाजवळ बसवून रोज थोडा थोडा भरून काढावा.

महिनाअखेरची सरासरी वरिष्ठांना हवी असते व ती पाठवावीच. परंतु ती पाठविण्यापूर्वी पट एकदा आडवा वाचावा. प्रत्येक रिकाम्या रकान्यामागे एक घर, एक अडचण आणि वाट पाहणारे एक मूल असते.

केंद्रसंमेलनात विचारार्थ प्रश्न

१. आपल्या वर्गात ठराविक वारीच गैरहजर राहणारी मुले किती? त्या वारी गावात काय असते?

२. मागील आरोग्य तपासणीच्या दिवशी अनुपस्थित असलेल्या मुलांची तपासणी पुढे झाली काय?

३. गेल्या महिन्यात परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणते काम सोपविले?