पडद्याआडची परीक्षा

जर्मनीतील म्यूनिक शहरी १९८० साली एका वाद्यवृंदासाठी ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजविणाऱ्याची निवड व्हावयाची होती. ३३ उमेदवारांची पहिली परीक्षा पडद्याआडून घेण्यात आली. एकाचे वादन ऐकून परीक्षक मुग्ध झाले. परंतु पडद्याबाहेर आली ती अ‍ॅबी कोनंट ही तरुणी! सारे चकित झाले. 'हे वाद्य पुरुषाचेच' हा पूर्वग्रह त्यांच्या मनात नकळत वसला होता. तिला जागा मिळाली. पण १९८१ साली दुय्यम स्थान देण्यात आले. वर्षानुवर्षे न्यायालयात झगडून अखेर ती विजयी झाली.

कानांनी ओळखलेला गुण डोळ्यांनी नाकारला होता. म्हणूनच शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो.