दिशा लाभलेले सिरॅमिक

म्हैसूरच्या दसऱ्याला सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती राजवाड्यातून निघतो. तो येण्यापूर्वी गर्दीतील माणसे चहूकडे पाहत असतात. तो दिसताच बहुतेकांचे चेहरे त्याच्याकडे वळतात. सिरॅमिकच्या एका लहानशा तुकड्यातही असेच काहीसे घडवून आणता येते.

गॅसच्या लायटरची कळ दाबली, की आतील सिरॅमिकच्या ठोकळ्यावर आघात होतो, विद्युतदाब निर्माण होतो आणि ठिणगी पडते. यास दाबविद्युत परिणाम म्हणतात. पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी तो १८८० साली स्फटिकांत शोधला. सोनोग्राफीच्या यंत्रातही याच गुणाचा उपयोग होतो.

डोमेन म्हणजे काय?

भट्टीतून नुकत्याच निघालेल्या सिरॅमिकमध्ये मात्र हा गुण प्रकट होत नाही. त्यात असंख्य स्फटिककण असतात आणि प्रत्येक कणात ‘डोमेन’ नावाचे सूक्ष्म विभाग असतात. एका डोमेनमधील सर्व विद्युत द्विध्रुवांची दिशा एकच असते. परंतु निरनिराळ्या डोमेनच्या दिशा भिन्न असल्यामुळे त्यांचा एकूण परिणाम शून्य होतो.

पोलिंगची क्रिया

हे डोमेन एका दिशेस वळवण्याच्या क्रियेस पोलिंग म्हणतात. तुकड्याच्या दोन्ही पृष्ठांवर चांदीचा लेप देऊन तो तापवलेल्या सिलिकॉन तेलात ठेवतात. नंतर जाडीच्या दर मिलिमीटरमागे साधारणतः २ ते ४ हजार व्होल्ट इतका एकदिश विद्युतदाब काही मिनिटे देतात. अनेकदा तुकडा थंड होईपर्यंत हा दाब कायम ठेवतात. उष्णतेमुळे डोमेनच्या सीमा सहज सरकतात. थंड झाल्यावर त्या बऱ्याच अंशी स्थिर होतात.

प्रत्येक डोमेन मात्र हव्या त्या दिशेस वळू शकत नाही. स्फटिकरचनेला मान्य असलेल्या दिशांपैकी जी सर्वांत जवळची, तीच तो स्वीकारतो. काही डोमेन पूर्ण उलट फिरतात. काही काटकोनात वळतात. काटकोनात वळताना कणाचा आकार बदलतो, शेजारच्या कणांवर ताण येतो आणि दाब काढताच त्यांपैकी काही डोमेन मागे फिरतात.

शिसे का नको?

१९५० च्या दशकापासून प्रचारात असलेल्या लेड झिर्कोनेट टायटेनेटमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते. जुनी उपकरणे फोडणाऱ्या कामगारांस व विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस शिसे घातक ठरते. युरोपात २००६ साली विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आले. परंतु समर्थ पर्याय नसल्याने या सिरॅमिकला सवलत द्यावी लागली.

बेरियम टायटेनेट शिसेरहित आहे. पण सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याचे ध्रुवीकरण नष्ट होते. पोटॅशियम-सोडियम नायोबेट याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते. २००४ साली जपानी संशोधकांनी त्यापासून उत्तम गुणधर्मांचे सिरॅमिक बनवले. मात्र भाजताना त्यातील पोटॅशियम व सोडियम उडून जाऊ शकतात. मग तुकड्यातून विद्युत झिरपते, पुरेसा दाब देता येत नाही आणि पोलिंग अपुरे राहते. दाब अति वाढवल्यास तुकडा निकामी होतो.

म्हणून शिशाला पर्याय शोधताना केवळ नवे द्रव्य पुरेसे नसते. त्यातील डोमेन वळले पाहिजेत आणि वळल्यावर तसेच टिकले पाहिजेत.

पाठगत प्रश्न

१. पोलिंगपूर्वी सिरॅमिकचा एकूण परिणाम शून्य का असतो?
२. पोलिंग करताना तुकडा का तापवतात?
३. लायटरचा ठोकळा अतिशय तापल्यास ठिणगी का पडणार नाही?