कोवळी ज्वारी : हिरवी, पण घातकी

मैत्रिणींनो, पावसानं पंधरा-वीस दिवस ओढ दिली की ज्वारी गुडघ्याएवढीच राहते, पानं सुरळी होतात. नेमका तेव्हाच घरातला कडबा संपलेला असतो आणि शेळ्या दारात ओरडत असतात. शेतातल्या दोन पेंढ्या कापून टाकाव्यात असं कुणालाही वाटेल. पण ज्वारी सगळ्यात धोक्याची असते ती याच वेळी.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा घटक असतो. जनावरानं पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटातले जिवाणू ते आणखी झपाट्यानं सोडवतात. विष अंगात भिनलं की रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून सुरुवातीला हिरड्या आणि डोळ्यांची आतली बाजू लालभडक दिसते. यालाच बऱ्याच गावांत ‘किरळ लागली’ म्हणतात. काही घरांत मात्र नजर लागली असं समजून मीठ-मिरच्या उतरवत बसतात, आणि हातातली तेवढी वेळ निघून जाते.

मग ज्वारी घालायचीच नाही का? घालायची, पण फुलोऱ्यात आल्यावर. वाढ होते तसं विष कमी होत जातं. पक्क्या पिकाच्या वाळलेल्या कडब्याची भीती नाही. अर्धवट सुकलेली कोवळी ज्वारी मात्र सुरक्षित समजू नका. युरिया जास्त पडलेल्या पिकात विष वाढतं, तेही ध्यानात असू द्या.

फुटव्यांकडे तर आपलं लक्षच नसतं. मालदांडी काढून झाली, धसकटं रानात उभी आहेत, अवकाळी पाऊस पडला की त्यांना कोवळे फुटवे येतात. रान मोकळं आहे म्हणून आपण शेळ्या सोडतो. भुकेली शेळी आधी तेच ओरबाडते. अशा रानात सोडूच नका. दुसरीकडे चरायला नेतानाही वाटेत असं रान लागत असेल तर निघण्याआधी घरी थोडा सुका चारा घाला.

बाधा झाली की जनावराला धाप लागते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, तोल जातो, ते आडवं पडून पाय झाडतं. कधीकधी अर्ध्या तासात खेळ संपतो. बाकीची जनावरं लगेच बाजूला घ्या आणि डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करा. “ज्वारी खाल्ली आहे” हे पहिल्या वाक्यातच सांगा. यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून देतात, ती वेळेत मिळाली तर जनावर उठतं. धापा टाकणाऱ्या शेळीच्या तोंडात तेल, ताक काही ओतू नका. ते फुप्फुसात जातं.

लसूण घासाची गोष्ट वेगळी. त्यात हे विष नाही, पण दवात भिजलेला कोवळा घास एकदम पोटभर घातला तर पोट फुगतं. कापून थोडा सुकू द्या आणि कडब्यात मिसळून घाला.

गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी मेली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जागेवर आहे ना, हे अधूनमधून बघत जा. दुर्दैवानं शेळी दगावलीच, तर विमा कंपनीला आणि डॉक्टरांना लगेच कळवा, आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय तिला पुरू नका.