औषधी गांजा, एडीएचडी आणि घरातली लपवाछपवी

ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजापासून बनवलेले औषध लिहून देता येते. सरकारी एनएचएसमधून ते फारच थोड्यांना मिळते. बहुतेक रुग्ण खासगी क्लिनिकची वाट धरतात आणि दरमहा पदरचे पैसे मोजतात. जुनाट दुखणे, चिंता, निद्रानाश यांच्या जोडीला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) किंवा ऑटिझम असलेले प्रौढही या रुग्णांत आहेत. दिवसभराचा गोंगाट आणि उजेड रात्री डोक्यातून उतरत नाही, झोप लागत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. एडीएचडीवर मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे आहेत, पण ती कुणाची भूक मारतात, तर कुणाची उरलीसुरली झोप उडवतात.

औषध येते ते झाकणबंद डबीत. लेबलवर रुग्णाचे नाव, टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचे प्रमाण आणि रोजची मात्रा छापलेली असते. सुकलेले फूल छोट्या वजनकाट्यावर तोलायचे, व्हेपोरायझरमध्ये साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि वाफ ओढायची. पेटवून धूर ओढायला ब्रिटनमध्ये कायद्याने मनाई आहे. वास मात्र तोच. तो खोलीबाहेर आला की तिथल्या मराठी घरात चिलीम आणि गांजेकसच आठवतात. वर्षानुवर्षे झोपेची गोळी घेणाऱ्या काकांना त्याच घरात कुणी व्यसनी म्हणत नाही, हेही नोंदवायला हवे. सवय तर त्या गोळीचीही लागते.

या उपचाराचा पुरावा अजून तोकडाच आहे. लंडनमधील ३० प्रौढांवरचा एडीएचडीचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुधारणेकडे कल दिसला, पण मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही. इस्रायलमध्ये ऑटिझम असलेल्या ५ ते २१ वयोगटातील १५० जणांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्तनातील सुधारणेबद्दल डॉक्टरांचा एकूण अभिप्राय अनुकूल होता. पालकांच्या प्रश्नावलीतील एकूण गुणांत मात्र ठळक फरक नव्हता. त्यामुळे या औषधाला रामबाण म्हणणारेही घाई करतात आणि घेणाऱ्याला नशेबाज ठरवणारेही.

खरे नुकसान लपवाछपवीने होते. लाजेपायी डबी कपाटात जाते आणि डॉक्टरांच्या प्रश्नालाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते. नियमित गांजा घेणाऱ्याला भुलीचे औषध जास्त लागू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हे सांगावेच. सीबीडीमुळे फिट्सवरील क्लोबाझामचा परिणाम वाढतो; इतर औषधांची यादीही तपासून घ्यावी. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर टीएचसी टाळण्याचाच सल्ला दिला जातो, आणि ही माहिती बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच असते. ज्यांच्यापासून लपवायचे, त्यांनाच विचारायचे, असा हा पेच आहे.

शरीराला सवय होते. तेवढाच परिणाम मिळवायला मात्रा वाढू लागली, तर स्वतःहून वाढवण्याऐवजी क्लिनिकला कळवावे. अचानक बंद केल्यास एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मंदावणे, झोप तुटणे, विचित्र स्वप्ने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात त्रास जास्त असतो, दोनेक आठवड्यांत तो ओसरतो. घरच्यांना वाटते मूळचा आजार उलटला. रुग्णालाही तसेच वाटते आणि तो पुन्हा औषधाकडे वळतो. म्हणून बंद करायचे तर टप्प्याटप्प्याने. दीर्घकाळ रोज घेणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याच्या अंघोळीनेच आराम पडतो. असे झाले तर पोट बिघडले म्हणून सोडून देऊ नये.

गाडी चालवणाऱ्यासाठी ब्रिटनमध्ये रक्तातील टीएचसीची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते शेवटच्या मात्रेनंतरही बराच काळ सापडू शकते. औषध सांगितल्याप्रमाणे घेतले असेल आणि गाडी चालवण्यावर परिणाम झालेला नसेल, तर कायद्याने बचाव मिळतो. त्यासाठी मूळ डबी आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत जवळ असावी. गुंगी जाणवत असेल तर कोणताही कागद उपयोगाचा नाही.

हा बचाव भारतात चालत नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार गांजा देशात आणणे गुन्हा आहे आणि लंडनच्या डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन म्हणजे परवाना नव्हे. झाडाच्या शेंड्याविरहित पाने या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून आयुर्वेदात ‘विजया’ची (भांगेची) औषधे मिळतात, पण ती ब्रिटनमधल्या औषधाची जागा घेतील असे धरून चालू नये. दुबईत विमान बदलायचे असेल तर तिथला कायदाही कडकच आहे. मुंबई-पुण्याची सुट्टी ठरली की तिकीट काढण्याआधीच क्लिनिकशी बोलून मात्रा कमी करायला सुरुवात करावी, नाहीतर औषध सुटल्याचा सगळा त्रास नेमका नातेवाइकांकडच्या पहिल्या आठवड्यात उपटतो.