उसने आणि न दिलेले



पंचशीलातील दुसरे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. 'चोरी करू नये' एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो आणि आपण काही चोर नाही, म्हणून ते आपल्याकडून पाळले जातेच असे समजतो. माझीही तीच समजूत होती. ती कशी मोडली ते सांगतो.

आंबेगाव तालुक्यातील आमच्या वस्तीत विहारासाठी वर्गणी जमत होती. मी शिकलेला, शिक्षक. म्हणून पेटी आणि वही माझ्याकडे आली. एका पावसाळ्यात मुलगी तापाने आजारी पडली. पगार व्हायचा होता. मी पेटीतून दोन हजार रुपये काढले. पगार झाला की परत टाकू, असे मनाशी ठरवले. पगार झाला, पण आधीची उधारी पुढे उभी राहिली. दोन महिने गेले. वहीत मी काहीच लिहिले नव्हते.

एके रात्री आईला सांगितले, "पेटीतले थोडे उसने घेतलेत." आई निरक्षर. लोकांच्या शेतात खुरपायला जाते. वर्गणीचे पैसे तिने त्याच मजुरीतून दिलेले. ती म्हणाली, "आरं, उसनं इचारून आणत्यात. न इचारता उचलल्यालं उसनं कसं व्हईल?"

त्या रात्री मला 'अदिन्नादाना' या शब्दाचा अर्थ कळला. 'अदिन्न' म्हणजे न दिलेले. जे दिलेले नाही ते घेणे, एवढेच हे शील सांगते. घेणाऱ्याची नड किती होती, परत करण्याचा विचार होता की नव्हता, हे ते विचारत नाही. देणाऱ्याने दिले होते का, एवढेच विचारते. पाली शब्द मी पाठ केला होता. अर्थ आईजवळ होता.

पुढे शाळेची सहल घेऊन लेण्याद्रीला गेलो. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ही लेणी राजाने खोदली का?" जुन्नर परिसरातील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. यवनांनीही दाने दिली. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. विचार करा! ज्या बुरूडकामाला पुढे जातिव्यवस्थेने हलके ठरवले, ते काम करणाऱ्यांच्या हाती सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लोक दानाचा पैसा विश्वासाने ठेवत होते. असा विश्वास जन्माने मिळत नाही. चोख हिशेबाने मिळतो.

मुलांना हे सांगताना माझी जीभ अडखळली. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. रक्कम पेटीत टाकली, वहीत तारखेसह लिहिली. पेटी दुसऱ्याकडे द्यावी, असेही म्हणालो. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध उपासक म्हणाले, "पेटी राहू दे. पण किल्ली दुसऱ्याकडं राहील."

तेव्हापासून आमच्याकडे पेटी एका घरी आणि किल्ली दुसऱ्या घरी असते. दर पौर्णिमेला हिशेब मोठ्याने वाचतात, आणि तो वाचण्याचे काम आळीपाळीने शाळेत जाणाऱ्या मुलींकडे असते. कोणाला नड असली तर तो सभेत मागतो. मागितले की मिळते. आणि मिळाले की ते 'दिलेले' होते. त्यात कमीपणा कसला?

बंधूंनो, आपल्या माणसांच्या हाती पैसा टिकत नाही, असे आपलेच लोक म्हणतात. हा डाग बाहेरचा कोणी येऊन पुसणार नाही. आज रात्री आपल्या घरातली, मंडळातली वही उघडा. जे लिहायचे राहून गेले असेल, ते लिहा. दुसरे शील तेथून सुरू होते.

जय भीम!